वेशीवरची चूळ

एका राज्यात, चैत्र शुद्ध पंचमीला, सूर्य उगवून नेमक्या तीन घटका झाल्या असताना, राजाची लेक शेवू पहिल्यांदा बोलली. आणि राजवाड्यात पेढे वाटायचे सोडून रडारड सुरू झाली.

त्याचं कारण असं. या राजाचा पणजोबा मोठा संशयी. परमुलखातून आलेल्या सुना आपापल्या बोलीत कुजबुजल्या की त्याला वाटे, या मलाच हसतात. त्यानं एक मांत्रिक बोलावला आणि वेशीवर तांब्याचं घंगाळ मांडलं. लग्न ठरलं की मुलीला सासरची भाषा शिकवायची. वेशीवर आली की त्या पाण्यानं चूळ भरायला लावायची. चुळीबरोबर माहेरची बोली गाडग्यात पडे, मांत्रिक वर झाकण ठेवी. तेव्हापासून रस्तेही बिघडले. बाहेरचं माणूस आत येई, पण आतलं बाहेर निघालं की रस्ता वेशीवर वळे आणि त्याला त्याच्याच दारात आणून सोडी. लोकांना त्याची सवय झाली होती.

शेवू तीन वर्षांची होईतो मुकी. तिच्या आईनं, बकुळा राणीनं, मध चाटवला, वेखंड उगाळलं, येईल त्या बाईला विचारलं, "तुमचं कधी बोललं हो?" आणि आज पोर घडाघडा बोलली, पण ती बोली तिथे कुणालाच कळेना.

"हे कुणी शिकवलं?" राजाची आई, थोरल्या राणीसाहेब, गरजल्या.

"मी," खिडकीतली साळुंकी म्हणाली. "सूनबाईंच्या पालखीवर बसून त्यांच्या माहेराहून आले. ही तिकडचीच बोली. मला कुणी चूळ भर म्हटलं नाही."

राजानं कपाळाला हात लावला. "कायदा पणजोबांचा आहे. परकी बोली बोलेल त्यानं दिवस मावळायच्या आत चूळ भरावी."

"महाराज, तिला एकच बोली येते. तीही गेली तर?" बकुळा म्हणाली.

"तर जन्माची मुकी होईल," साळुंकी म्हणाली. "शाप मांत्रिकानं बांधला, त्याच्याच दारी सुटेल. आधी रस्ता आहे, नदी आहे आणि मग तो स्वतः."

बकुळेनं लेक कडेवर घेतली. साळुंकीला खांद्यावर बसवलं आणि ती वेशीकडे निघाली.

वेशीपाशी रस्ता नागासारखा वळू लागला.

"त्याला एकभाषी माणूस वासानं कळतं," साळुंकी म्हणाली. "दुसऱ्या बोलीत वाट मागा."

"ती बोली तर माझ्या तोंडून काढून घेतलीय गं."

"पोरीच्या तोंडात आहे की."

मग आई शिष्य झाली. साळुंकीनं तिच्या बोलीत विचारलं, तसा शेवूनं वाटेचा शब्द सांगितला. बकुळेनं वाकडा म्हटला. शेवू खो खो हसली, आईचे ओठ चिमटीत धरले, पुन्हा म्हणायला लावलं. तिसऱ्या खेपेला शब्द नीट उमटला, तसा रस्ता पिळलेलं धोतर झटकावं तसा सरळ झाला.

पुढे नदी. होडीत म्हातारा नावाडी. तो म्हणाला, "राणीसाहेब, मी वऱ्हाडं आत आणतो. बाहेर न्यायची तर होडी ऐकत नाही. ती माझ्या मुलखातल्या लाकडाची."

बकुळेनं विचार केला. मग म्हणाली, "काका, तुमच्यात नदीला काय म्हणतात?"

नावाडी बघतच राहिला. "इथे माझे केस पिकले. होडी केव्हा सुटेल ते सगळ्यांनी विचारलं. हे कुणी नाही विचारलं." त्यानं सांगितलं. बकुळेनं तो शब्द पाण्याकडे पाहून उच्चारला, आणि होडी वल्ह्याशिवाय निघाली.

पैलतीरी मांत्रिकाची गुहा. पणजोबांच्या वेळचाच तो, शापानं त्याला मरणही येत नव्हतं. आत छतापर्यंत गाडग्यांच्या उतरंडी.

"यातलं एकच गाडगं शापाचं मूळ आहे," मांत्रिक म्हणाला. "ते कोणतं, हे माझ्या तोंडून निघत नाही. त्याला माझा हातही लागत नाही. एकच उघडा. चुकलात तर मायलेकींनी इथेच चूळ भरायची."

बकुळा उतरंडींमधून फिरू लागली. मधेच एका गाडग्यातून माहेरच्या चुलीचा वास आला. हे तिचं! शेवूही त्याकडे झेपावली. बकुळेचा हात झाकणावर गेला आणि तिथेच अडखळला, कारण तिची नजर मांत्रिकाकडे गेली होती. बोलताना, खोकताना, तो पुन्हा पुन्हा कोपऱ्यातल्या एका टवका गेलेल्या गाडग्याकडे पाहत होता. दुसऱ्याशी बोलत असली तरी आई पाळण्याकडे पाहते, तसं. तीन वर्षं ती तशीच पाहत आली होती. ती नजर तिला चुकणार नव्हती.

तिनं आपल्या गाडग्यावरचा हात काढला. शेवूनं भोकाड पसरलं.

"दादा, पहिली चूळ कुणी भरली होती?"

मांत्रिकाची मान खाली गेली. "राजा म्हणाला, आधी स्वतःवर करून दाखव."

बकुळेनं डोळे मिटले आणि टवका गेलेलं गाडगं उघडलं. आतून कुणा बाईची हाक आली, अनोळखी बोलीत. मांत्रिक मटकन खाली बसला.

"काय म्हणाल्या त्या?"

"हात धुऊन ये, पान वाढलंय," तो म्हणाला आणि लहान पोरासारखा रडला.

तोच झाकणं उडाली. हजार बोली थव्यासारख्या बाहेर पडल्या, ज्याच्या त्याच्या तोंडी परतल्या. बकुळेला माहेरचं नाव आठवलं, आणि सासरचं पुसलं गेलं नाही. दोन्ही नावांना तिनं मनातल्या मनात ओ दिली. मग शेवूला तिच्याच बोलीत म्हणाली, "चल, घरी जाऊ."

दिवस मावळता मावळता त्या परतल्या. पाहतात तो थोरल्या राणीसाहेब अंगणात उभ्या, कुठल्याशा डोंगरी बोलीत हातवारे करून बोलताहेत आणि हसताहेत.

"आईसाहेब, काय म्हणताय?" राजानं घाबरत विचारलं.

"तुझ्या वडिलांना शिव्या देतेय. बरीच वर्षं राहून गेल्या होत्या."

राजानं कायदा मोडला. ते घंगाळ आता सुनेचे पाय धुवायला ठेवतात. वेशीवर तिच्या तोंडात गूळ घालतात, तिच्या बोलीतला एक शब्द मागून घेतात, आणि तो साऱ्या घराला नीट म्हणता आला की मगच ती माप ओलांडते. रस्ते सरळ झाले. मांत्रिक आपल्या मुलखात गेला. नावाड्यानंच त्याला पोचवलं. अक्षय्यतृतीयेला बकुळा माहेरी जाऊन आंबे खाऊन आली. शेवू बापाची भाषा शिकली, आजीची शिकली, नावाड्याची शिकली. आता तिला गप्प बस म्हणून बकुळा साऱ्या भाषांत सांगते, आणि ती एकाही भाषेत ऐकत नाही.

बायांनो, बाबांनो, ही गोष्ट पदराला गाठ मारून ठेवू नका. शेजारी परमुलखातून कुणी आलं असेल, त्याच्या कानावर घाला. आणि त्याला म्हणावं, पुढे सांगशील ती तुझ्या बोलीत सांग.