पेन्सिलची रेघ

"किती वेळा गेलीस तिच्यावरून?"

नाबर सरांनी विचारलं तेव्हा ऋजुताच्या लॅपटॉपवर अरबी समुद्राचा तळ उघडलेला होता. निळा, जांभळा, मध्येच हिरवा. सरांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि डोळे पडद्याजवळ नेले.

"चार वेळा, सर. दोनदा उभं, दोनदा आडवं."

"आणि?"

"सपाट आहे."

"अगदी?"

"अगदी. तळ छत्तीसशे मीटरवर, आणि चहूबाजूंनी तेवढाच. टेकडी नाही, सर. कधी नव्हतीच."

स्वयंपाकघराच्या दारात शरयूकाकू पेजेचे वाडगे घेऊन उभ्या होत्या. त्या तिथेच थांबल्या.

दामोदर नाबर सत्तावीस वर्षांचे असताना, म्हणजे चव्वेचाळीस वर्षांपूर्वी, त्यांना बोटीवरच्या यंत्रात खोल समुद्रातली एक टेकडी दिसली होती. साडेतीनशे मीटर उंच. नकाशांवर तिला त्यांचंच नाव मिळालं. ते निवृत्त होऊन शिरोड्याला येऊन राहिले, तरी नाबर टेकडी नकाशात होती.

ऋजुता ठोसर ही त्यांची शेवटची विद्यार्थिनी. आता एका मोठ्या संस्थेत सागरतळाचा नकाशा करणारा गट ती चालवायची. पुढच्या आठवड्यात परिषदेत तिचं मुख्य भाषण होतं. विषय होता, सागरतळाच्या संशोधनाच्या नव्या दिशा.

भाषणाची सुरुवात सरांना दाखवायला ती मुद्दाम आली होती.

तिने कळ दाबली. जुना नकाशा आला. त्यावर टेकडी, टेकडीवर लाल फुली. खाली लिहिलेलं होतं, 'एका प्रतिध्वनीची टेकडी'.

सरांनी ते दोनदा वाचलं.

"लोक हसतील," ते म्हणाले.

"थोडेसे. पण विषय लक्षात राहील, सर. आपण कुठून कुठे आलो ते मला दाखवायचंय."

"कुठे आलो?"

ऋजुता याच प्रश्नाची वाट बघत होती. "तेव्हा बोटीखालून एक आवाज जायचा आणि एक परत यायचा. आता एका दमात चारशे जातात. उपग्रह वरून समुद्राच्या पाण्याचा फुगवटा मोजतो आणि खाली डोंगर आहे का ते सांगतो. इंटरनेटच्या केबल तळावर पडलेल्या असतात ना, त्यांतून आम्ही भूकंप ऐकतो. आणि जो तळ कुणी नीट मोजलेलाच नाही, अजून जवळजवळ पाऊण आहे तसा, तो आता यंत्र भरून काढतं. शिकवलेलं यंत्र."

"भरून काढतं..."

"हो. आजूबाजूचं बघून."

काकू पुढे आल्या आणि त्यांनी वाडगे टेबलावर ठेवले. जरा जोरातच.

"आणि ह्यांचं नाव?"

"त्यासाठी समिती असते, काकू. मी पत्र पाठवलंय. नकाशावरून काढतील."

"पाठवलंयस?"

"गेल्या सोमवारी."

"म्हणजे आधी पत्र आणि मग आमच्याकडे."

ऋजुताला ते असं कुणी मोजेल असं वाटलं नव्हतं.

"आमचं ठरत होतं तेव्हा," काकू तिला म्हणाल्या, "ह्यांच्या मामांनी माझ्या वडिलांना सांगितलं होतं, मुलाच्या नावाची समुद्रात टेकडी आहे. तेव्हा ह्यांच्याकडे दुसरं काही नव्हतंच गो. ना घर, ना धड नोकरी. वडील म्हणाले, टेकडी तर टेकडी."

"शरयू," सर म्हणाले, "पेज निवतेय."

"निवू दे."

सर उठले आणि आतल्या खोलीत गेले. कपाट उघडल्याचा आवाज आला. बराच वेळ ते बाहेर आले नाहीत. ऋजुताला वाटलं, त्यांच्या मनाला लागलंय. वाईट वाटलं, पण तेवढंच नव्हतं. गेली कित्येक वर्षं या माणसाने तिच्या प्रत्येक पानावर लाल शाईने 'कशावरून?' असं लिहिलं होतं. आज पहिल्यांदा तिच्याकडे उत्तर होतं आणि त्यांच्याकडे नव्हतं.

सर बाहेर आले ते हातात पत्र्याची लांब नळी घेऊन. तिच्यातून त्यांनी कागदाची गुंडाळी काढली. पिवळा पडलेला, कडांना फाटलेला कागद. टेबलावर उलगडून त्यांनी दोन टोकांवर पेजेचे वाडगे ठेवले.

"वाच," ते म्हणाले.

"हा मूळ कागद?"

"वाच."

ऋजुताने तो कधी पाहिला नव्हता. तिला माहीत होतं ते त्यावरून काढलेलं, छापलेलं चित्र. तिने सरांनीच शिकवल्याप्रमाणे कडेपासून सुरुवात केली. वेळ. बोटीची दिशा. मग यंत्राच्या सुईने जाळत काढलेली तपकिरी रेघ. तळाची. सरळ, शांत. आणि मग वर उचललेला गडद तपकिरी फुगवटा.

ती वाकली.

"संध्याकाळी पावणेसहाची वेळ," ती म्हणाली. "हा फुगवटा तळाचा नाहीच, सर. या जुन्या यंत्राचा कागद एका वेळी साडेसातशे मीटरचीच पट्टी दाखवायचा. पुढचं सगळं परत त्याच पट्टीवर. त्यामुळे वर, चारशे मीटर खोलीवर काही असलं, तरी ते तळाला लागून उमटायचं. हे मासे आहेत. मासे आणि बारीक जीव. दिवस मावळायला लागला की थव्याने वर येतात."

"पुढे?"

"पुढे काय... एवढंच. टेकडीला पाय नाहीत, ती..."

तिचं बोट थांबलं.

फुगवटा आणि तळ यांच्यामध्ये अर्धा इंच जागा होती. तिथे कागद डागाळलेला होता. आणि त्या डागावरून एक रेघ फुगवट्यापासून खाली तळापर्यंत आली होती. दोन्ही बाजूंनी. नीट, उतरती.

बाकी सगळं तपकिरी होतं. ही रेघ करडी होती.

"सर, ही पेन्सिल आहे."

"हो."

"कुणी काढली?"

"मी."

बाहेर कुणीतरी माडाच्या झावळ्या ओढत नेत होतं. तो आवाज लांब गेला.

"समुद्र खवळलेला होता," सर म्हणाले. "कागदावर पाणी उडालं. तेवढ्या जागेत काही उमटलंच नाही. मला वाटलं, जोडलेलंच असणार. मी जोडलं."

"छापताना सांगितलं नाहीत?"

"छापताना सगळंच शाईने काढतात. शाईत कळत नाही."

काकू खुर्चीवर बसल्या.

"बोरवणकर साहेब आमचे प्रमुख होते," सर पुढे म्हणाले. आता ते ऋजुताकडे नव्हे, काकूंकडे बघत होते. "मी ओरडलो म्हणून ते धावत आले. कागद बघितला. मला म्हणाले, दामू, बोट फिरवू का? तीन तास जातील. जाऊ देत. परत एकदा बघून घे."

"मग?"

"मी म्हणालो, नको साहेब. स्पष्ट आहे."

"एवढी खात्री होती तुम्हाला?" ऋजुताने विचारलं.

"खात्री असती तर फिरवली असती."

"इतक्या वर्षांत हे मला एकदाही बोलला नाहीत," काकू म्हणाल्या.

"कुणालाच नाही. त्यानंतर अकरा सफरी केल्या मी. सहा वेळा वाट टेकडीच्या जवळून जात होती. दर वेळी आखताना मीच ती थोडी दक्षिणेला सरकवली. कुणी विचारलं नाही. नाव माझं होतं ना. मीच सांगणार, तिथे बघण्यासारखं आता काय राहिलंय."

ऋजुताने लॅपटॉपचं झाकण हळूच खाली केलं. जिंकल्याची जी भावना घेऊन ती सकाळच्या गाडीतून उतरली होती, ती आता तिला नकोशी झाली.

"मी ती पहिली स्लाइड काढून टाकते, सर."

"काढायची नाही. उघड ते. शेवटची दाखव."

"शेवटची?"

"भाषण कशावर संपवणार आहेस?"

तिने झाकण उघडलं. तळावर एक लांब, काळी भेग आली. किनाऱ्यापासून दोनशे किलोमीटरवर. चौऱ्याहत्तर किलोमीटर लांब. तिच्या गटाने दोन वर्षांपूर्वी शोधलेली. याच भेगेमुळे तिला नवा प्रकल्प मिळाला होता. ही भेग जिवंत असेल आणि कधी सरकली, तर वरचं पाणी किनाऱ्यावर चढणार होतं. दोन जिल्ह्यांत त्यासाठी बैठका झाल्या होत्या. बंदरांवर फलक लागले होते, कुठल्या रस्त्याने वर पळायचं त्याचे.

"आमच्या इथेही लावलाय फलक," काकू म्हणाल्या. "देवळाच्या बाजूला."

सर पडद्याकडे बघत होते.

"हिच्यावरून किती वेळा?"

ऋजुताने पाण्याचा पेला उचलला आणि परत ठेवला.

"एकदा."

"सबंध लांबीवरून?"

"नाही... आडवं. एका ठिकाणी ओलांडली. तिथे स्पष्ट दिसते, सर. चाळीस मीटरची पायरी आहे."

"तिथे. आणि बाकीची?"

"बाकीची यंत्राने..." ती म्हणाली. "आजूबाजूचं..."



सरांनी विचारलं, "बोट परत कधी जातेय?"

"नोव्हेंबरात. दहा दिवस."

"वाट कुठून आखलीयस?"

"उत्तरेकडून. तिथे तळावर भूकंपमापक ठेवायचेत. ते कामही महत्त्वाचं आहे."

"असेल. भेगेपासून किती लांब?"

"चार तास."

सरांनी वाडगे उचलले. कागद आपोआप गुंडाळला गेला. ते तो नळीत घालू लागले, पण कड अडकत होती. ऋजुताने मदत केली नाही. ती समोरच्या भेगेकडे बघत होती आणि तिला आठवत होतं की वाट आखण्याच्या बैठकीत एका मुलीने विचारलं होतं, "मॅडम, भेगेवरून एक फेरी मारायची का?" आणि आपण म्हणालो होतो, "तिथलं काम झालंय."

"सर, ती खरी असेल तर लोकांना वेळेत..."

"असेल तर."

"आणि नसली तर ते पुन्हा माझ्यावर कधी विश्वास ठेवणार नाहीत. खरी भेग दाखवली तरी."



ऋजुता फोन घेऊन पडवीत गेली. बोटीचं नियोजन बघणारे साळसकर लगेच फोनवर आले. आतून दोघांना तिचं बोलणं ऐकू येत होतं.

"वाट बदलायचीय... हो, पहिले तीन दिवस भेगेवर. सबंध लांबी, आणि आडव्या आठ फेऱ्या... माहितेय मला, उत्तरेचे निम्मे भूकंपमापक ठेवायचे राहतील. राहू देत... नाही, कुणी सांगितलं नाही. मीच सांगतेय."

मग बराच वेळ ती नुसतीच ऐकत राहिली. पलीकडून आवाज चढलेला होता. शेवटी ती म्हणाली, "संचालकांशी मी बोलते," आणि फोन ठेवला.

आत आली तेव्हा चेहरा उतरलेला होता. काकूंनी पेज पुन्हा गरम करून आणली होती. सोबत कैरीच्या लोणच्याची फोड.

"खा आधी. गाडीला तासभर आहे."

ऋजुता निमूटपणे खायला बसली. दोन घास झाल्यावर म्हणाली, "काकू, चुकलं माझं. आधी इथे यायला हवं होतं."

"हवंच होतं," काकू म्हणाल्या. थोड्या वेळाने त्यांनी तिच्या वाडग्यात आणखी पेज वाढली. "पण पत्र पाठवलंस ते बरं केलंस. ह्यांच्याच्याने झालं नसतं ते."

सर हसले. अगदी मोकळे. काकूही मग नाइलाजाने हसल्या.

निघताना सरांनी पत्र्याची नळी ऋजुताच्या हातात दिली.

"पहिली स्लाइड राहू दे. फक्त छापलेल्या चित्राऐवजी हा कागद दाखव."

"पेन्सिलसकट?"

"ती मोठी करून दाखव. मागच्या रांगेला दिसायला हवी."

"आणि कुणी विचारलं, रेघ कुणाची, तर?"

"नाव सांग. स्पेलिंग नीट सांग. लोक एनच्या पुढे एए लिहितात."

ती पायऱ्या उतरली. फाटकापर्यंत गेली, आणि थांबली. नळी छातीशी धरून तशीच परत आली. सर वरच्या पायरीवर बसलेले होते.

"सर..."

"हं."

"तीन दिवस फिरले, आठ वेळा ओलांडलं, आणि तिथे भेग नसलीच तर? एवढी बोट नेली, एवढ्या लोकांना घाबरवलं... अहवालात मी लिहू काय?"

सरांनी मान वर करून तिच्याकडे बघितलं.

"भेग नाही हे सापडलं, असं लिही."