कांडोळाचं पांढरं खोड

कॅमेऱ्यात रोल घालायचे दिवस होते, तेव्हाची ही गोष्ट. वामनतात्यांच्या कॅमेऱ्याला जंगल फार आवडायचं, पण फोटोत उतरायची ती नुसती झाडाझुडपांची गिचमीड. शेवटी तात्या वैतागले. "आज धड फोटो आला नाही, तर तुझी जागा माळ्यावर!"

जंगलात पोचताच घाबरलेला कॅमेरा साग, बांबू, वेली, सगळंच डोळ्यात कोंबू लागला. फांदीवरची खारूताई खुदकन हसली.

"कॅमेरेदादा, कुणाला भेटायला आलात ते तरी ठरवा!"

"सगळ्यांनाच! कुणी सुटलं तर?"

"माझी पिल्लं एवढ्या झाडांत घर कसं शोधतात, ठाऊक आहे? आधी कांडोळाचं ते पांढरं खोड बघतात. मग बाकीचं जंगल आपोआप ओळखीचं होतं."

कॅमेऱ्याने बघितलं. हिरव्या गर्दीत ते खोड एकटंच उजळून उभं होतं. मग त्याने हट्टच धरला. तात्यांनी इकडे तिकडे कितीदा बटण दाबलं, तरी ते हलेना. कांडोळासमोर येताच मात्र, खट्!

तो फोटो तात्यांनी बैठकीत लावला. येणारे-जाणारे आधी पांढऱ्या खोडाशी थबकायचे, मग म्हणायचे, "केवढं मोठं जंगल आहे हो!"

आणि शेजारच्या खुंटीवर, माळ्यापासून लांब, कॅमेरा ऐटीत लटकत असायचा.