घोरपडे सरांचं ‘जैसे थे’

घोरपडे सरांची शिट्टी वाजली की वृंदा केसरकर दचकायचीच. शनिवारचा कवायतीचा तास सक्तीचा आणि सरांचा आवाज असा, की चिंचेवरचे कावळेसुद्धा सावधानमध्ये उभे राहावेत.

त्या शनिवारी ‘विश्राम’ ऐकताच ती दचकली आणि ताडकन सावधान झाली. सर कडाडले, "केसरकर, पुढे ये! आता पुढचा हुकूम चुकलीस, तर अख्ख्या वर्गाला रविवारीसुद्धा उन्हात उभं करीन. हुकूम आला की डोकं चालवायचं नाही, नुसता पाळायचा!"

वर्गाचा जीव टांगणीला लागला.

"जैसे थे!" सर गरजले.

चुकलेल्यानं पुन्हा आधीसारखं उभं राहायचं, एवढाच त्या हुकमाचा अर्थ. वृंदा सरळ चिंचेच्या सावलीत जाऊन बसली.

"अगं ए! कुठे निघालीस?"

"सर, तुम्हीच ‘जैसे थे’ म्हणालात ना?" तिचा आवाज कापत होता. "तुमची शिट्टी वाजायच्या आधी मी इथंच बसले होते, चिंचा खात."

हे ऐकून अख्खा वर्ग तिच्यामागोमाग सावलीत! सरांनी शिट्टी तोंडाशी नेली, पण वाजवणार कशी? हुकूम त्यांचाच, आणि पाळलाही तंतोतंत. त्यांच्या मिशा थरथरल्या. वृंदाला वाटलं, आता आपलं काही खरं नाही. पण त्या मिशांखालून हसू फुटलं.

"केसरकर, तेव्हा मी कुठे होतो गं?"

"स्टाफरूममध्ये, सर. चहा पीत."

"मग," शिट्टी खिशात टाकून सर स्टाफरूमकडे वळले, "मीही जैसे थे!"