सहजनाथांचं पान

“मग रोज पान वाढता कुणासाठी, बुवा?”

“सहजनाथांसाठी.”

“आणि ते येतात?”

बसवंतबुवांनी धोतराच्या सोग्याने चष्मा पुसला.

“अजून तरी नाही,” ते म्हणाले.

मांजरा नदीच्या काठावरचा तो मठ अगदी लहान होता. एक ओसरी, मागे स्वयंपाकघर, अंगणात चिंच. पुढच्या दाराला कडी नव्हती. सहजनाथांचं नाव मात्र मोठं. त्यांच्यापुढे राजे हात जोडून उभे राहिले होते. त्यांची पदं मुलं शाळेत पाठ करत. गावोगावी त्यांच्या नावाचे चौक होते. पण जिथे ते राहिले त्या मठात त्यांची समाधी नव्हती, पादुका नव्हत्या. होतं ते फक्त एक पान.

तीनशे वर्षांपूर्वी एका दुपारी सहजनाथ खांद्यावर पंचा टाकून नदीकडे निघाले. जाता जाता स्वयंपाकघरात डोकावून म्हणाले, “पान वाढून ठेवा.” ते परतले नाहीत. तेव्हापासून मठात पंगत बसायच्या आधी पहिलं पान त्यांचं वाढलं जातं.

हे विचारणारे रघुवीर पाटणकर पुण्याहून आले होते. सहा थोर पुरुषांची चरित्रं त्यांनी लिहिली होती. सातवं सहजनाथांचं. त्याचं शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं होतं.

“ते का येत नाहीत, मी सांगू?” पाटणकर म्हणाले.

“सांगा की.”

पाटणकरांनी पिशवीतून कागदाची गुंडाळी काढली आणि ओसरीवर उलगडली. काळ्या शाईत पांढरी अक्षरं उमटली होती.

“नर्मदेकाठी एक पडकी धर्मशाळा आहे. तिच्या मागच्या भिंतीत ही शिळा होती. वर शेणाच्या गोवऱ्या थापलेल्या. मी ती धुतली, ठसा घेतला. तीन दिवस तिच्यासमोर उकिडवा बसलो, तेव्हा कुठे वाचता आली. सहजनाथ… ज्वर… वैशाख वद्य नवमी. इथून निघाले त्याच वर्षी.”

बुवांनी अक्षरांवरून सावकाश बोट फिरवलं.

“काम नेटकं झालंय.”

“बुवा, मी म्हणतोय ते गेले.”

“ऐकू येतं मला.”

“तीनशे वर्षं एका मेलेल्या माणसाला तुम्ही जेवायला वाढताय.”

मठाचा स्वयंपाक करणाऱ्या तुळसाबाई दारातून म्हणाल्या, “तीनशे वर्षांत भाकरीला एकदा नाव ठेवलं नाही त्यांनी. असा जेवणारा कुठं मिळतो?”

बुवा हसले. पाटणकरांना हसू आलं नाही.

“पुस्तकात काय काय आहे?” बुवांनी विचारलं.

“सगळं. जन्म, गुरूपदेश, राजाची भेट, दुष्काळातलं काम. कोणती पदं त्यांची आणि कोणती मागाहून घुसडलेली, तेही.”

“भूक?”

“काय?”

“निघाले तेव्हा त्यांना भूक लागली होती. पान वाढा म्हणाले ना… ते लिहिलंय?”

“नाही.”

“हां.”

चिंचेवर कावळा ओरडत होता. तो गप्प झाला.

“मग छापा की,” बुवा म्हणाले. “ठसा आहे, तिथी आहे. अडलंय कुठे?”

पाटणकरांनी कागदाचे कोपरे सारखे केले. ते सारखेच होते.

“पहिल्या सहांच्या वेळी असं झालं नाही. शेवटचं प्रकरण मी एका बैठकीत लिहायचो. अमुक दिवशी, पहाटेच्या सुमारास, प्राणज्योत मालवली. पूर्णविराम. उठून जेवायला जायचो. हे मात्र… पंचा खांद्यावर टाकून निघालेत आणि उंबऱ्यातच उभे आहेत. मी लेखणी उचलतो, ते हलत नाहीत. वर्ष झालं.”

“का हलत नाहीत?”

“तुमच्या या पानामुळे. मी तिथी छापली की पान बंद पडणार. इतक्या वर्षांची वाट बघणं माझ्या एका ओळीने संपणार. ते मला नकोय. म्हणून तुम्हालाच विचारायला आलो. छापू, की राहू दे?”

बुवांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं.

“पानामुळे?”

“हो.”

“बरं… आधी जेवू.”

ओसरीवर पत्रावळी मांडल्या गेल्या. भिंतीपाशी पहिली, तिच्याशेजारी पाण्याचा तांब्या. तुळसाबाईंनी तिथे आधी वाढलं. ज्वारीची भाकरी, वरण, मिरचीचा ठेचा. मग मठातली माणसं आपापल्या पानावर बसली. सगळ्यांनी दाराकडे एकदा पाहिलं. कुणी आलं नाही.

पाटणकर उभेच होते. त्यांच्यासाठी पान मांडलेलं नव्हतं.

बुवांनी भिंतीपाशी हात केला. “बसा.”

“ते सहजनाथांचं पान आहे.”

“हो.”

“त्याच्यावर मी कसा बसू?”

“मांडी घालून.”

पंगतीत कुणीतरी खोकल्यात हसू दडवलं.

“रीत आहे इथली,” बुवा म्हणाले. “शेवटी येईल त्याने त्या पानावर बसायचं. काल एक कल्हईवाला होता. परवा कुणीच आलं नाही, तर तुळसाबाई ताट झाकून फाट्यापर्यंत गेल्या.”

“एसटीचा कंडक्टर सापडला,” तुळसाबाई म्हणाल्या. “जेवून आलोय म्हणत होता. म्हटलं, मग पुन्हा जेव.”

पाटणकर बसले. थोडं संकोचूनच, टोकावर, दुसऱ्याच्या खुर्चीत बसावं तसे.

त्यांनी भाकरी उचलली. ती तव्यावरून नुकतीच उतरली होती, टम्म फुगलेली. त्यांनी कडेला नख लावलं, वरचा पापुद्रा अलगद सोडवला. अख्खा, कुठेही न तुटलेला. तो पत्रावळीच्या डाव्या कडेला ठेवला आणि उरलेली भाकरी वरणात कुस्करायला घेतली.

बुवा बघत होते.

“पापुद्रा आवडत नाही?”

पाटणकरांनी पानाकडे पाहिलं. तो तिथे कुणी ठेवला हे त्यांना आत्ता कळत असावं.

“सवय आहे.”

“हाताला सवय. आवड कुणाची?”

वरण भाकरीत मुरत गेलं.

“कुमुदची,” ते म्हणाले. “माझी बायको. तिला काढता यायचा नाही, तुटायचा. मग ताट माझ्याकडे सरकवायची. एवढं शिकलात, म्हणायची, एवढं तरी करा.”

“आता?”

“गेल्याच्या गेल्या उन्हाळ्यात गेली.”

तुळसाबाई भाकरीची टोपली घेऊन होत्या तिथेच थांबल्या.

“घरीही काढता?” बुवांनी विचारलं.

“घरी डबा येतो. त्यात पोळ्या असतात.” पाटणकर घास हातात धरून होते. “चहा मात्र मीच करतो. दोन कप होतो. एकाचाच करायचा असं ठरवून उठतो. पण पाणी घेताना हात ऐकत नाही.”

“मग दुसरा कप?”

“तिच्या खुर्चीसमोर ठेवतो. साय धरेपर्यंत बघत बसतो… मग मोरीत ओततो.” त्यांचा आवाज खाली आला. “कुणाला बोललो नाही मी हे. मुलीलाही नाही. दार लावून घेतो. उगाच शेजारी डोकावले तर काय म्हणतील. सहा चरित्रं लिहिलेला माणूस. कोण कधी गेलं, सगळ्या तिथ्या पाठ असलेला.”

बुवांनी हात पुढे केला. पाटणकरांच्या पत्रावळीच्या कडेवरचा पापुद्रा उचलला.

पंगत थबकली. बुवा कुणाच्या पानातलं घेत नसत. मठाच्या मुख्याने कुणाचं उष्टं खाल्लेलं तिथे कुणी पाहिलं नव्हतं.

बुवांनी पापुद्रा तोंडात टाकला.

त्या शांततेत तो करकर वाजला.

पाटणकरांनी डोळे मिटले.

“असाच…” ते म्हणाले. “असाच वाजायचा. आतल्या खोलीत ऐकू यायचा मला.”

“भाजलीय छान,” बुवा तुळसाबाईंना म्हणाले आणि पुन्हा आपल्या पानाकडे वळले.

तुळसाबाईंनी पाटणकरांना दुसरी भाकरी वाढली. त्यांनी तिचाही पापुद्रा काढला. या वेळी बघून काढला. आणि शेजारच्या म्हाताऱ्याच्या पानात ठेवला. म्हाताऱ्याला दात नव्हते. त्याने तो वरणात बुडवून ठेवला आणि मान डोलावली.

हात धुऊन दोघे ओसरीच्या पायरीवर बसले. ऊन नदीवर उतरलं होतं. पाटणकरांनी ठशाची गुंडाळी करायला घेतली.

“माझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं, बुवा.”

“छापा. खरं आहे ते.”

“आणि पान?”

“ती बातमी इथे त्याच वर्षी आली होती.”

पाटणकरांचे हात थांबले.

“नर्मदेकडून एक बैरागी आला,” बुवा म्हणाले. “सहजनाथांना अग्नी दिला तेव्हा तो तिथे होता. दारात उभं राहून त्याने सांगितलं. दुपारची वेळ. पान वाढलेलं होतं.”

“म्हणजे… तुम्हाला ठाऊक होतं?”

“मठात सगळ्यांनाच ठाऊक असतं. तुळसाबाईंनाही.”

“अहो, मग मला आधीच सांगायचं. मी इतक्या लांबून हा ठसा…”

“तुम्ही एवढ्या कष्टाने आणला होता. लगेच कसं सांगायचं?”

पाटणकरांना पहिल्यांदा हसू आलं. ते फार टिकलं नाही.

“तेव्हा मठ सांभाळणाऱ्या शिष्याने काय केलं? बातमी ऐकून?”

“रडला. पोटभर रडला. पान उचलून नदीत सोडायला निघाला…” बुवा थांबले. “दारात बैरागी उभाच होता. पाय सुजलेले. फार लांबून चालत आलेला.”

पाटणकर दाराकडे बघत राहिले. त्या दाराला कडी का नाही, हे त्यांना सकाळी आल्यापासून विचारायचं होतं. आता विचारलं नाही.

त्यांनी गुंडाळी पिशवीत ठेवली. पुन्हा बाहेर काढली, दोरा नीट बांधला, पुन्हा ठेवली. फाट्यावर एसटी यायची वेळ झाली होती. ते उठले, वाकून नमस्कार केला, पण निघाले नाहीत.

“बुवा…”

“बोला.”

“सहजनाथांचं मी लिहीन. भूकही लिहीन. ते जमेल आता. पण माझ्या घरी…” त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. “तिची वाट बघणं कसं थांबवायचं, तेवढं सांगा.”

आत तुळसाबाई तवा घासत होत्या.

“उद्या सकाळी घरी असाल?” बुवांनी विचारलं.

“हो. रात्रीच्या गाडीने पोचेन.”

“चहा टाकाल?”

“टाकेन… दोन कपच होईल, बुवा.”

“होऊ दे. उकळी आली की दार उघडून ठेवा.”