नाव घेऊन वाढलेला भात

ऐक अन्नपूर्णामाये, तुझी कहाणी. बायांनो, आधी एक सांगा. घास तोंडाशी नेताना भरवसा कुणाचा धरावा? गोणीवरच्या चित्राचा, की शेत कसणाऱ्या हाताचा?

चार वेशींचं एक नगर होतं. तिथं धोंडाक्का वाणीण होती. दुकान तिचं, तराजू तिचा. अक्षर येत नव्हतं, पण मूठभर तांदूळ हुंगून कुणाच्या खाचरातला ते सांगायची. घरी अन्नपूर्णेचा वसा होता. दर शुक्रवारी वाढताना पिकवणाऱ्याचं नाव घ्यायचं, नव्या नवरीनं घ्यावं तसं. भात वाढला, "हा हौसाचा." वरण वाढलं, "हे सटवाजीचं." गूळ ठेवला, "हा बनूबाईचा." मग घरानं जेवायचं.

एके वर्षी दूरदेशीचा व्यापारी आला. गोणीवर देखणं चित्र, तांदूळ मोत्यासारखा, भाव निम्मा. धोंडाक्का भुलली. हौसा पाटी घेऊन आली, तर म्हणाली, "बाई, तुझा तांदूळ लाल. आता कोण घेतं?"

"अक्का, नातीच्या बारशाला हाच शिजवलात की!"

"तेव्हा दुसरा नव्हता."

हौसानं पाटी उचलली, निघून गेली.

मग शुक्रवार आला. मोत्यांचा भात वाढला. नाव कुणाचं घ्यावं? धोंडाक्का जुनंच बोलली, "हा हौसाचा." उतली, मातली, घेतल्या वशात लबाडी केली.

मग काय झालं? पाच वर्षांची नात चंपी जेवेना. पहिल्या शुक्रवारी घास थुंकला. दुसऱ्या शुक्रवारी ताट सारलं. तिसऱ्या शुक्रवारी पाटावर बसवेना, इतकी वाळली. वैद्य हरले.

मग दारी एक म्हातारी आली, हातात पळी. म्हणाली, "जेवायला वाढ." ताट वाढलं.

"भात कुणाचा?"

"हौसाचा."

"भात कुणाचा?"

"हौ... हौसाचा."

"अगं, हुंगून शेत सांगणारी ना तू? हुंग, आणि सांग. भात कुणाचा?"

धोंडाक्कानं हुंगला. वासच लागेना. मान खाली गेली. "आई, मला ठाऊक नाही."

"हे खरं बोललीस. आता जिचं नाव घेतलंस, तिच्या दारी जा." म्हातारी दिसेनाशी झाली.

मग धोंडाक्का अनवाणी निघाली. नदी उतरली, चढण चढली. हौसा चुलीपाशी होती. म्हणाली, "आलात? मोती संपले वाटतं!"

"बोल, हौसा, मला लागू दे. तुझं नाव मी खोटं घेतलं. पोर जेवत नाही. तुझ्या घरचे दोन घास दे."

"शेवटची पेज आहे, अक्का. कणगीत उरलंय ते बियाणं. तेही आता कांडीन. पेरू कुणासाठी?"

"वाटीभर पेज दे, पण बियाणं मोडू नकोस. पेर. पिकेल ते सगळं माझ्या दुकानी."

हौसानं पेज दिली, धोंडाक्कानं ती घरी आणली. चंपीनं वाटी तोंडाला लावली. "आजी, ही कुणाची?"

"हौसाची. ओढ्याकाठच्या खाचरातली."

"अजून दे."

मग साल फिरलं. हौसाचं खाचर पिकलं, भात धोंडाक्काच्या दुकानी आला. नगरात अन्नपूर्णेची पंगत बसली. राजानं विचारलं, "भात कुणाचा?" बाकीचे वाणी एकमेकांकडं बघू लागले. धोंडाक्कानं हौसाचा हात धरून तिला पुढं उभं केलं. छाती भरून म्हणाली, "महाराज, हिचा. लाल आहे, आणि आमच्या मातीचा आहे!" राजानं दोघींना मानाच्या पाटावर बसवलं. नगरातले वाणी धान्याच्या दर राशीला कसणाऱ्याचं नाव सांगू लागले.

जशी अन्नपूर्णा धोंडाक्काला पावली, तशी तुम्हांआम्हां पावो. मोठी कहाणी थोड्या बोलांत सांगितली, फळाला आली, पुरी झाली.

आता घरी जाल, तेव्हा डबे उघडून बघा. कोणता दाणा कुठून आला, याचा हिशेब खरा ठेवा. ठाऊक नसेल तिथं ठाऊक नाही म्हणा.