पांढऱ्या गोट्यांची वस्ती

मुलांनो, जंगल म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर ऐसपैस झाडी येते. पण ऐसपैस जागा सगळ्यांच्याच वाट्याला कुठून येणार? एका जंगलात नदीकडे उतरणाऱ्या टेकडीवर लहान प्राण्यांची इतकी दाट वस्ती होती की एकाच्या बिळाची मागची भिंत म्हणजे दुसऱ्याची पुढची. पिसे, टरफले, लेंड्या, सगळे वाटेवरच. भोवती करवंदीच्या जाळ्या अशा माजलेल्या की घरी परतताना अंगावर एक तरी ओरखडा ठरलेला. या वस्तीत अगदी वरच्या ओळीत एक सशीण राहत असे आणि अगदी खालच्या ओळीत, नदीच्या अंगाला, तिची धाकटी बहीण.

वस्तीची एक जुनी रीत होती. तिन्हीसांजेला म्हातारी टिटवी पहिली हाक देई. मग वरच्या बिळातून आवाज येई, "आहे." तो ऐकून शेजारी म्हणे, "आहे." असे एकेक 'आहे' उतारावरून खाली नदीपर्यंत जाई. मध्येच कुठे हाक तुटली, तर शेजाऱ्याने तोंडातला घास टाकून त्या दारी जाऊन बघायचे. बहुतेक वेळा कुणी झोपलेले असे, नाहीतर रुसलेले असे. ही रीत का पडली ते कुणालाच ठाऊक नव्हते. रोजच्या त्या गलक्याने कान मात्र किटून जात.

त्या वर्षी वनसभेचा सभापती मोर झाला. मोर मनाने वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवते. फक्त जे डोळ्यांना छान दिसेल तेच त्याला खरे वाटे. त्याने वस्ती सुधारायची मोठी योजना आणली. करवंदीच्या जाळ्या तोडून नदीपर्यंत सरळ, रुंद वाट काढायची. प्रत्येक बिळाच्या तोंडाची कड चिकणमातीने गुळगुळीत लिंपून घ्यायची. आणि तो हाकांचा गलका कायमचा बंद करायचा.

"जाळ्या तोडू नका," साळिंदर कुरकुरले. "वाट इथून जाते, तशी इथे येतेही."

"काटेवाल्याला काट्यांचाच पुळका," मोर म्हणाला, आणि सगळे हसले.

टिटवीने विचारले, "हाक बंद झाली, तर कोण कसं आहे ते कळायचं कसं?"

मोराने त्याचाही विचार केला होता. त्याने नदीतून पांढरेशुभ्र गोटे आणवले आणि घरटी एक वाटला. "हा दाराशी ठेवायचा. घरात काही अडचण आली की गोटा आत घ्यायचा. गोटा बाहेर दिसला की समजायचं, घर सुखात आहे. ओरडायला नको, धावायला नको. मी वडाच्या फांदीवरून एका नजरेत सगळी वस्ती बघेन."

युक्ती सगळ्यांना आवडली. सशिणीला तर फारच आवडली. रोज संध्याकाळी घसा ताणायचा तिला कंटाळा येई, आणि आता दारात बसल्या बसल्या तिला खालचा बहिणीचा गोटा दिसणार होता. टिटवी माळावर निघून गेली.

महिन्याभरात वस्तीचे रूप पालटले. वाटेवर काडी दिसेना. वर उभे राहिले की थेट नदीचे काळे पाणी दिसे. आणि नवल असे की रोज सकाळी ती वाट झाडलेली असे. धूळ अशी सपाट, जणू कुणी रुंद केरसुणी नदीपासून वरपर्यंत ओढत आणली आणि तशीच परत नेली.

"कोण झाडतं हो?" सशिणीने एकदा विचारले.

"मी तर नाही," साळिंदर म्हणाले. ते सशिणीच्या शेजारीच राहत असे. "सभापतींनी कुणाला तरी नेमलं असेल."

सभापतींनी कुणालाच नेमले नव्हते. पण लोक कौतुक करू लागले तेव्हा त्यांनी नाहीही म्हटले नाही.

वस्ती शांत होत गेली. आधी गलका थांबला, मग कुजबुजही. संध्याकाळी उतारावर ओल्या चिखलाचा वास येई आणि वडाच्या खालच्या फांद्यांवर पाखरे बसेनाशी झाली. सशिणीला कधी कधी बहिणीची आठवण येई. बहिणीला पिल्ले व्हायची होती. तिच्यासाठी मऊ गवत जमवून ठेवले होते, ते नेऊन द्यायचे रोज मनात येई. पण दारातून डोकावले की खाली पांढरा गोटा लख्ख दिसे. "सुखात आहे ती. उद्या जाऊ," असे म्हणून ती पुन्हा आत वळे.

वस्तीचा बोलबाला वरच्या रानापर्यंत पोचला. तिथला हत्ती पाहणीला आला. मोराने आदल्या दिवशीच बजावले होते की पाहणी होईपर्यंत कुणी वाटेवर यायचे नाही, आपापल्या घरात बसायचे. उन्हे कलताना हत्ती वडाखाली उभा राहिला. पिसारा फुलवून मोराने रुंद वाट दाखवली, लिंपलेली दारे दाखवली, उतारभर मांडलेले पांढरे गोटे दाखवले.

"छान," हत्ती म्हणाला. "पण इतकी शांतता कशी? पोरंसोरं नाहीत का वस्तीत?"

"शिस्त आहे," मोर म्हणाला.

हे ऐकून सशिणीला राहवले नाही. नियम मोडून ती बाहेर आली. "हत्तीदादा, एकदाच आमची जुनी हाक देऊ द्या. मला माझ्या बहिणीचा आवाज ऐकायचाय."

हत्तीने मान डोलावली. सशीण पुढे होऊन ओरडली, "आहे!"

"आहे," साळिंदर म्हणाले. त्याच्या पलीकडून खारीचा बारीक आवाज आला, "आहे." आणि हाक तुटली.

सगळे थांबले. खालच्या ओळींतून एक शब्द येईना.

"घाबरतात माझ्या नियमाला," मोर म्हणाला, पण त्याचा पिसारा मिटू लागला होता. मग तोच उतारावर ओरडला, "नियम उठवला! बोला सगळे!"

बिळांची लिंपलेली तोंडे तशीच उघडी होती. प्रत्येकापुढे गोटा होता. आत काही हालत नव्हते.

बऱ्याच वेळाने अगदी खालून, सशिणीच्या बहिणीच्या बिळातून आवाज आला, "आहे."

सशीण धावत सुटणार, तोच थबकली. तो आवाज तिच्या बहिणीचा नव्हता. तो जड होता, सावकाश होता, पोट भरलेल्याचा होता.

"मी आहे," अजगर आतूनच म्हणाला. "बाकीचे नाहीत. वाट रुंद केलीत, बरं केलंत."

सशिणीने टाहो फोडला. हत्ती चीत्कार करत उतारावरून खाली गेला, तेव्हा अजगर सळसळत पाण्यात शिरला. त्याच्यामागे धूळ सपाट झाली, रोज सकाळी होत असे तशीच. उरलेल्यांना घेऊन हत्ती त्याच संध्याकाळी पलीकडच्या काटेरी रानात गेला. मोर मागून चालत होता आणि पुन्हा पुन्हा एकच म्हणत होता, "पण गोटे तर सगळे बाहेर होते. मी रोज बघत होतो."

"मीही रोज बघत होते," सशीण म्हणाली. तिला मोराचा राग आला होता, पण स्वतःचा त्याहून जास्त. "गोटा आत घ्यायला घरात कुणीतरी उरायला हवं होतं, सभापती."



तात्पर्य : वस्तीचे सुख लांबून बघून कळत नाही; दारी जाऊन, हाक मारून विचारावे लागते.