महाराजांची गूळतुला

चंद्रगिरीच्या राज्यात भाव दुप्पट झाले, तरी दिवाणजी दरबारात सांगत, "महागाई कुठेच नाही, महाराज!" त्यामुळे देवळाच्या अन्नछत्राचे वर्षासन वाढेना आणि भुकेली माणसे पंगतीवरून परतू लागली. कोठी सांभाळणाऱ्या उमाकाकूंना पूर्णब्रह्माची ही उपेक्षा साहवेना.

महाराजांच्या वाढदिवशी नेहमीप्रमाणे देवापुढे गूळतुला मांडली. काकूंनी आणलेल्या ढेपा संपल्या, तरी महाराजांचे पारडे जमिनीलाच टेकलेले!

"काकू, यंदा गूळ एवढा कमी?"

"गतवर्षीइतक्याच पैशांचा आणलाय, महाराज. दिवाणजी म्हणतात भाव वाढले नाहीत. म्हणजे आपलेच वजन दुप्पट झाले असणार!"

महाराज खळखळून हसले. दिवाणजींची मान खाली गेली. वर्षासन तिथेच दुप्पट झाले. त्या दिवशी पंगतीवरून कोणी उपाशी परतले नाही, आणि देवालाही नैवेद्य गोड लागला.